तुरळक ठिकाणी म्हणजे नक्की कुठे?

मृग लागून चार दिवस झालेले असतात. परभणीहून गंगाखेडकडे जाताना पोखर्णीचा फाटा लागतो. तिथल्या चहाच्या टपरीवर जूनमध्ये एकच विषय चालतो. एखादा तरुण मोबाइल पुढे करून म्हणतो, “तात्या, उद्या येलो अलर्ट हाय आपल्याकडं.” तात्या कप खाली ठेवतात आणि म्हणतात, “हाय तर हाय. पेरायचं का नाही, तेवढं सांग.”

दुसऱ्या दिवशी नृसिंह मंदिराच्या बाजूला तासभर पाणी पडतं आणि रेल्वे स्थानकाच्या अंगाला धूळसुद्धा बसत नाही. अर्धं गाव म्हणतं अंदाज खरा ठरला, अर्धं म्हणतं हे हवामानवाले काहीही सांगतात. गाव एक, अंदाजही एकच, तरी निकाल दोन.

हे कोडं नुसतं पावसाचं नाही. विज्ञानाची गोष्ट प्रयोगशाळेतून निघून वर्तमानपत्र, वाहिनी, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप अशा हातांतून गावच्या पारावर पोचते, तेव्हा वाटेत तिचं काय होतं, ते यात दिसतं. हवामानाचा अंदाज हे बहुतेकांच्या घरी रोज येणारं विज्ञान आहे. म्हणून त्याचाच माग काढू.

सहा किलोमीटरची चाळणी

अंदाजाची सुरुवात मोजण्यापासून होते. इन्सॅट मालिकेतले उपग्रह वरून ढग पाहतात. जगभर ठरलेल्या वेळी, आपल्याकडच्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, हवामान केंद्रांवरून फुगे सोडतात. फुग्याला बांधलेलं छोटं यंत्र वर जाता जाता तापमान, ओलावा आणि वाऱ्याची खबर रेडिओवरून खाली पाठवत राहतं. रडार, जहाजं, विमानं, जमिनीवरची यंत्रं यांच्या नोंदी त्यात मिळतात. हे सगळं महासंगणकात जातं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या अशा महासंगणकाचं नाव ‘अर्क’, म्हणजे सूर्य.

संगणक आभाळाकडे आपल्यासारखं पाहत नाही. तो पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकतो आणि प्रत्येक चौकटीतली हवा पुढच्या काही मिनिटांत कुठे सरकेल, तापेल की निवेल याचं गणित करतो. मग पुढची काही मिनिटं, मग त्यापुढची. पूर्वी ही चौकट साधारण १२ किलोमीटर लांबरुंद होती. २६ मे २०२५ रोजी देशाला अर्पण झालेल्या, पुण्याच्याच संस्थेने घडवलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ती ६ किलोमीटरवर आणली. परभणी जिल्ह्याचं क्षेत्रफळ सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आधी जिल्ह्यावर चाळीसेक चौकटी पडत, आता पावणेदोनशेच्या जवळपास पडतात. प्रगती मोठी आहे. तरी एका चौकटीत ३६ चौरस किलोमीटर जमीन येते, आणि तेवढ्यात दोन-चार गावांची शिवारं सहज मावतात.

धान्य चाळताना भोकापेक्षा बारीक खडा चाळणीत अडकत नाही. जूनच्या दुपारी तापलेल्या रानावर एकटाच उठणारा ढग तसाच दोन-चार किलोमीटरचा असतो, तासाभरात फुलतो आणि रिकामा होतो. जाळीला तो ढग दिसत नाही. तिला एवढंच कळतं, की या पट्ट्यातली हवा ढग उठण्याजोगी आहे. कुठल्या बांधावर उठेल, ते तिला सांगता येत नाही. असा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसऱ्यावर नाही, असं जुनी माणसं म्हणतात. हवामानखातं ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतं तेव्हा त्याला हेच सांगायचं असतं, फक्त ते शिंगांऐवजी टक्क्यांत मोजतं.

गोणपाटातले शंभर दाणे

दुसरी अडचण आणखी खोल आहे. १९६१ सालच्या हिवाळ्यात अमेरिकेत एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ संगणकावर हवेचं एक छोटं गणित चालवत होते. एक गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं म्हणून त्यांनी आधीच्या छापील कागदावरचा आकडा भरला. यंत्राच्या पोटात आकडा होता ०.५०६१२७ आणि कागदावर छापला होता ०.५०६. फरक चार हजारांत एकाच्या आसपासचा. तरी थोड्या वेळाने दोन्ही गणितांतलं हवामान एकमेकांशी काही नातं नसल्यासारखं वेगळं झालं. सुरुवातीच्या मोजमापातली बारीकशी चूक दिवसागणिक फुगत जाते, हे त्यातून कळलं. त्यांनी ते १९६३ साली प्रसिद्ध केलं.

म्हणून आज एकच गणित करून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे किंचित इकडेतिकडे करून तेच गणित वीस-वीस वेळा चालवतात. वीसपैकी चौदा उत्तरांत पाऊस आला तर शक्यता ७० टक्के. ‘शक्यता’ हा शब्द अधिकाऱ्याने अंग काढून घेण्यासाठी घातलेला नसतो. वीस गणितांची बेरीज त्या एका शब्दात असते.

शेतकऱ्याला टक्केवारी कळत नाही, असं शहरातली माणसं सहज बोलून जातात. मला ते अजिबात पटत नाही. सोयाबीन पेरायच्या आधी घरचं बियाणं तपासतात ते आठवा. शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, अधूनमधून पाणी शिंपडायचं आणि आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे. सत्तर उगवले की बियाणं पेरण्याजोगं, त्याहून कमी असतील तर एकरी बी वाढवायचं. नेमका कोणता दाणा उगवेल, हे त्या सत्तरच्या आकड्यात नसतं. एखादा दाणा कुजला म्हणून आख्खी थैली खोटी, असंही कुणी म्हणत नाही. शक्यतेचं हे शास्त्र गावात रुजलेलंच आहे. बातमीने त्याला हाक मारलेली नाही, एवढंच.

फरक एक आहे आणि तो दुखरा आहे. थैलीतल्या शंभरातला एक दाणा गेला तर चालतं. पावसाच्या हिशोबात माझं शेत हाच एक दाणा असतो. म्हणून कोरड्या राहिलेल्या बांधावरचा माणूस चिडला तर त्याला अडाणी म्हणू नये. त्याच्या रागाला जागा देऊन मगच त्याला टक्के समजावावेत.

साध्या शब्दांची ठरलेली मापं

अंदाजातले शब्द बोलीतले वाटतात, पण प्रत्येकामागे माप आहे. शेर, पायली, मण यांची मापं जशी बाजारात ठरलेली असत, तशीच हीसुद्धा.

> चौकट : अंदाज वाचताना
>
> कुठे? ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के ठिकाणी. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. ‘बहुतेक सर्व ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त.
>
> किती? २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, ६४.५ पासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार.
>
> रंग? हिरवा : चिंता नाही. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयारीत राहा. लाल : ताबडतोब हालचाल करा.

रंगांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो. पिवळा म्हणजे थोडा पाऊस आणि लाल म्हणजे खूप पाऊस, असा सरळ हिशोब नाही. नुकसान किती होऊ शकतं आणि ते होण्याची शक्यता किती, या दोन्हींचा मेळ घालून रंग ठरतो. पाऊस हलकाच, पण विजा पडण्याची आणि सोसाट्याच्या वाऱ्याची शक्यता असेल, तरी जिल्हा पिवळा होतो. त्या दिवशी लक्ष ठेवायचं ते झाडाखाली थांबलेल्या माणसांवर आणि बांधलेल्या जनावरांवर. पेरणीशी त्या पिवळ्याचा संबंध नसतो. टपरीवरच्या तात्यांनी जे विचारलं, त्याचं उत्तर येलो अलर्टमध्ये नव्हतंच.

बातमी होताना काय गळतं

मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून जिल्हावार तक्ता निघतो. समजा त्यात परभणीपुढे लिहिलं आहे, की बुधवारी जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता. या एका ओळीत पाच गोष्टी आहेत : कधी, कुठे, कसा, किती आणि किती खात्रीने.

वर्तमानपत्रात मथळ्याला जागा चार-पाच शब्दांची. तिथे येतं, ‘परभणीत पावसाचा येलो अलर्ट’. ‘तुरळक’ गेलं, ‘हलक्या ते मध्यम’ गेलं. वाहिनीच्या पट्टीवर ‘मराठवाड्यात पावसाचा इशारा’ असं फिरतं. आता एका जिल्ह्याचे आठ झाले. तिथून कुणी व्हिडिओ करतो, लाल अक्षरांत ‘पुढचे ४८ तास धोक्याचे’. शक्यता गेली, बुधवारही गेला. शेवटी त्या व्हिडिओचा स्क्रीनशॉट गावच्या ग्रुपवर पडतो. त्यावर ना तारीख, ना जिल्हा. ‘उद्या’ हा शब्द मात्र असतो, आणि तो पंधरा दिवसांनीसुद्धा उद्याच राहतो.

या साखळीत कुणीही खोटं बोललेलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येकाने आपल्या जागेपुरतं थोडं थोडं छाटलं. विहिरीवरून ओसरीपर्यंत हातोहात पाणी नेताना प्रत्येक घागर जराशी हिंदकळावी, तसं हे होतं. आणि हिंदकळून नेमके मापाचे शब्द सांडतात. ‘इशारा’, ‘धोका’, ‘धो धो’ हे शब्द मात्र शेवटपर्यंत टिकतात.

ते का टिकतात, यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेतल्या तीन संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढला आणि निष्कर्ष मार्च २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडले. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. हे काम आपोआप चालणाऱ्या बनावट खात्यांचं असेल असं वाटलं होतं, पण ती खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती. फरक माणसांनी केला होता. नवल वाटलं की माणूस पुढे पाठवतो, आणि खरं बऱ्याचदा नवलाचं नसतं. ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस’ यात नवल ते काय?

व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ साली भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० च्या एप्रिलपासून खूप फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दोन बाणांची खूण दिसली की ओळखावं, हा निरोप पुष्कळ घागरी फिरून आला आहे.

‘भाग बदलत’ पडणारा पाऊस

मोबाइलवर अंदाज सांगणाऱ्यांची आता मोठी फौज आहे. काहीजण मनापासून अभ्यास करतात, सरकारी तक्ते सोप्या भाषेत उलगडतात. लोक त्यांच्याकडे वळतात, कारण ते आपल्या बोलीत बोलतात, गावांची नावं घेतात आणि ‘दोन दिवस फवारणी थांबवा’ असं स्पष्ट सांगतात. विज्ञान सांगणाऱ्या प्रत्येकाने हे त्यांच्याकडून शिकावं.

पण अंदाज तपासायचा कसा, हेही कळायला हवं. ‘१२ ते २० तारखेदरम्यान मराठवाड्यात भाग बदलत पाऊस पडेल’ हे वाक्य घ्या. जुलैत नऊ दिवसांत आठ जिल्ह्यांत कुठे ना कुठे पाणी पडणारच. हे वाक्य चुकणं जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणूनच त्याचा उपयोगही थोडा. पाऊस पडला त्या गावांतून ‘अंदाज तंतोतंत खरा’ अशा प्रतिक्रिया येतात, कोरडी गावं काही लिहीत बसत नाहीत. ज्या अंदाजाला चुकायची सोय असते, तोच तपासता येतो. म्हणून दोन प्रश्न विचारावेत : पडेल म्हटलं आणि पडला नाही, असं किती वेळा झालं? काही म्हटलं नाही आणि पडला, असं किती वेळा? नुसत्या बरोबर आलेल्या वेळा मोजून काही कळत नाही.

वर्तमानपत्रांना यात एक साधं काम करता येईल. रोजच्या अंदाजाशेजारी दोन ओळींची जागा ठेवावी : काल काय सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात किती पडला. क्रिकेटचा धावफलक आपण न चुकता छापतो. पिकाचं पाणी जास्त मोलाचं आहे.

नव्या माध्यमांची एक बाजू मात्र निर्विवाद भक्कम आहे. ढगात वीज तयार होते ती मिनिटांत, आणि तिची बातमी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात येऊन काय उपयोग! पुण्याच्या त्याच संस्थेच्या ‘दामिनी’ अ‍ॅपमागे देशभर बसवलेल्या यंत्रांचं जाळं आहे. वीज चमकली की तिच्यातून रेडिओलहरी निघतात. वेगवेगळ्या ठिकाणच्या यंत्रांकडे त्या क्षणाच्या अगदी लहान फरकाने पोचतात आणि त्या फरकावरून जागा काढली जाते. आपल्या २० ते ४० किलोमीटरच्या परिघात विजा पडत असतील, तर फोन सांगतो. मोबाइल जवळ नसेल तर कान आहेतच. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत आणि तीनने भागावेत, तितके किलोमीटर ती दूर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर रान सोडून पक्क्या घरात जावं. झाडाखाली थांबू नये.

पुण्याहून गेलेला आवाज आणि परत आलेले प्रश्न

माहिती वरून खाली सोडली की काम झालं, असा समज जुना आहे. तो मोडणारा प्रयोग महाराष्ट्रातच झाला, १९५६ साली. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोत्यांचे गट बसवले. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम. गावातली माणसं एकत्र बसून ऐकायची, मग त्यावर आपसात चर्चा करायची आणि शंका, अनुभव, काय करून पाहायचं ठरलं, हे सगळं लिहून केंद्राकडे पाठवायची. जिथे नुसता रेडिओ होता आणि जिथे तोही नव्हता, अशा गावांशी नंतर तुलना झाली. गट करून बोललेल्या गावांना कितीतरी जास्त समजलं होतं आणि ते लक्षातही राहिलं होतं. माणूस दुसऱ्याला समजावतो तेव्हाच त्याला स्वतःला नीट समजतं. रेडिओभोवती बसलेल्या त्या गटांनी हे सत्तर वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

आज पोखर्णीच्या माणसाच्या खिशातला फोन दोन्ही बाजूंनी बोलतो. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आज वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. तिथली ग्रामीण कृषी मौसम सेवा दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला काढते. मुंबईहून आलेला अंदाज त्यात असतोच, पण पुढे सोयाबीन, कापूस, तूर, हळद, जनावरं यांबद्दल काय करावं तेही असतं. पाऊस येईल, ही झाली बातमी. पाऊस येईल म्हणून आज फवारू नका, हा झाला सल्ला. टपरीवरच्या प्रश्नाला भिडणारं विज्ञान या दुसऱ्या वाक्यात आहे. शंका असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत उत्तर मिळतं.

पेरायचं का नाही?

या प्रश्नाचं उत्तर अंदाजात थोडं आणि पडून गेलेल्या पावसात जास्त असतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं आणि विद्यापीठ दर वर्षी सांगतं. त्यामागचं कारण काळ्या रानात आहे. उन्हाळाभर भेगाळलेली खोल माती वीस-पंचवीस मिलिमीटर पाणी वरच्या थरातच पिऊन टाकते. त्या ओलीवर बी फुगतं, कोंब काढतं, मूळ खाली जातं आणि खाली कोरडी माती लागते. मग चार दिवस उघाड पडली की कोंब करपतो, आणि दुबार पेरणीचा खर्च डोक्यावर बसतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४ हजार लिटर पाणी. ७५ मिलिमीटर म्हणजे ३ लाख लिटर. तेवढं मुरलं की खाली ओलीला ओल भेटते.

आता तेवढा पडला की नाही, हे आपल्याच शेतात मोजता येतं. तेलाचा रिकामा चौकोनी डबा घ्या, वरचं झाकण सगळं कापून काढा, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, उघड्यावर, कलंडणार नाही असा ठेवा. सकाळी साडेआठला आत पट्टी उभी धरा. पाणी एक सेंटिमीटर असेल तर पाऊस १० मिलिमीटर. डब्याचं तोंड लहान की मोठं, याने फरक पडत नाही, कारण मोठ्या तोंडातून जास्त पाणी येतं आणि तेवढ्याच मोठ्या तळावर पसरतं. भिंती मात्र सरळ हव्यात. बादली चालत नाही. ती खाली निमुळती असते, म्हणून पाणी खऱ्यापेक्षा जास्त चढलेलं दिसतं. हवामानखातंही सकाळी साडेआठलाच मागच्या २४ तासांचा पाऊस मोजतं, म्हणून वेळ पाळली की आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. त्या हिशोबासाठी मंडळाच्या यंत्राचीच नोंद चालते, पण आपल्या शिवारात खरोखर किती पडला, हे आपल्यालाही ठाऊक असलेलं बरं.

गावात असे चार डबे चार दिशांना ठेवले आणि रोज सकाळी गावच्या ग्रुपवर तारखेसकट आकडे टाकले, की ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कुठे, ते गावालाच दिसेल : मंदिराकडे १८, स्टेशनकडे २, फाट्यावर ११, ओढ्याच्या पलीकडे काही नाही. मृगापासूनची बेरीज फाट्यावर ४६. तात्या, अजून २९ हवेत.